रकान्यात राहिलेली तारीख

आमच्या खोलीत 'आज' हा शब्द जपून वापरावा लागे. नव्याने आलेल्या कोणी सहज "आजची यादी काढू का?" असं विचारलं, की खोलीतले सर्वांत जुने, आम्ही ज्यांना काका म्हणायचो ते, खुर्ची फिरवत, चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "कोणाचा आज? तुझा, की कामाचा?" समोरचा गोंधळला की त्यांना बरं वाटे. मला मात्र अकरा वर्षं तोच प्रश्न ऐकून वीट आला होता. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, दूधवाला आला तर त्यालाही हेच विचारता का?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "दूधवाल्याचा घोटाळा होत नाही. तो स्वतः येतो. आपलं काम आपण झोपलेले असताना होतं."

मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, धुलाईघराच्या बरोबर वर, आमची खोली. दोन टेबलं, तीन संगणक, दार नीट न लागणारं एक कपाट आणि बाराही महिने गरम साबणाचा वास. रोज ठरलेल्या वेळी संगणक काही कामं आपोआप करतो, त्यांना आम्ही जॉब म्हणतो. पहाटे पाचला स्वयंपाकघराची पथ्याची यादी, साडेपाचला रक्ताच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या, सहाला नातेवाइकांना भेटीच्या वेळेचे मेसेज. सगळं सुरळीत चाललं की लोकांना वाटतं आम्ही बसून पगार खातो, आणि एखादा दिवस बिघडलं की आम्हीच सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. काकांना त्याचं काही नव्हतं. ते नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. बाकीचं खातं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कॅलेंडर' म्हणे, आणि तेही त्यांना ठाऊक होतं.

या 'आज'च्या खुळामागे एक प्रकरण होतं. मी नवीन असताना चिठ्ठ्यांचा जॉब एका मंगळवारी अडकला आणि बुधवारी सकाळी परत चालवावा लागला. तो लिहिणाऱ्याने त्यात 'आजची तारीख' घातलेली. संगणकाने आपलं घड्याळ बघितलं, त्याला बुधवार दिसला, आणि मंगळवारी काढलेल्या रक्ताच्या नळ्यांवर बुधवारच्या चिठ्ठ्या चिकटल्या. ताप उतरण्याआधीचं रक्त कोणतं आणि नंतरचं कोणतं, कोणालाच कळेना. डॉक्टरांनी रुग्णालय डोक्यावर घेतलं. त्यानंतर काका तीन आठवडे एकेक जॉब उघडून बसले आणि जिथे जिथे 'आज' होतं तिथे तिथे त्यांनी 'कामाची तारीख' घातली. म्हणजे काम ज्या दिवसाचं, त्या दिवसाची तारीख. जॉबना वेळेवर चालवणारं शेड्यूल ती स्वतः भरतं. जॉब दोन तास उशिरा चालो की दोन दिवस, त्याचा दिवस बदलत नाही.

एखादा जुना दिवस मुद्दाम परत चालवायचा असेल, तर त्यासाठी स्क्रीनवर एक रकाना असतो. त्यात हाताने तारीख भरायची. रकाना रिकामा असला तर शेड्यूल आपली तारीख घेतं. भरलेला असला तर भरलेली घेतं, आणि कोणी पुसेपर्यंत रोज तीच घेत राहतं. म्हणून काम झालं की तारीख लगेच पुसायची. हा नियम काकांनीच केलेला. मी दोनदा पुसायला विसरले होते, आणि दोन्ही वेळा ते दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

त्यांच्या मंडळींना मी काकू म्हणायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकू लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे, चादरी शिवून देत. मशीन खिडकीशी, आणि त्यावर कायम कोणाचं तरी अर्धं काम. बोलायला भारी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला म्हणाल्या, "यांना वार विचारू नकोस. आधी विचारतील, कोणासाठी." काका आत चहा गाळत होते, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलगा एकुलता एक, तो लांब दुसऱ्या देशात. त्याच्या आणि यांच्या घड्याळात सात तासांचा फरक. काकू कधीही फोन लावत आणि त्याला झोपेतून उठवत. काका मात्र बोटांवर तास मोजून, तो जेवून बसला असेल अशा वेळीच बोलत.

काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. वॉर्ड चार, खाट अकरा. आमच्या खोलीपासून दोन मजले वर. भेटायची वेळ चार ते सहा. इथे काम करणाऱ्यांना ही वेळ कोणी लावत नसे. स्वयंपाकघरातल्या बायका, गाडीवाले, सगळे आपल्या माणसाकडे येता जाता डोकावत. काका नाही. मी म्हटलं, "अहो, दोन जिने चढायचेत, जाऊन या." तर म्हणाले, "बाकीच्यांची माणसं फाटकाबाहेर उभी राहतात. मी आतल्या आत चोरासारखा जाऊ?" सकाळी सहाला सगळ्या नातेवाइकांसारखा त्यांनाही मेसेज येई, कारण काकूंच्या नावापुढे नातेवाईक म्हणून त्यांचाच नंबर होता. पावणेचारला ते खाली उतरत, फाटकाबाहेर रांगेत उभे राहत, आणि चार वाजता सगळ्यांबरोबर चार मजले चढून वर जात.

मी दुपारी मधेच काकूंकडे जायची. त्यांना त्याची गंमत वाटे. "बघ गं, मी याच इमारतीत आहे आणि हे मला भेटायला रस्त्यावरून येतात," म्हणायच्या आणि हसता हसता खोकायला लागायच्या. मग विचारायच्या, "आता खाली आहेत ना?"

"आहेत."

"काय करतायत?"

"तारखा बघतायत."

"बघू देत," म्हणायच्या.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी पथ्याची यादी अडकली. काकांना आठलाच बोलावून घेतलं होतं. स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी फोन येत होता, म्हणून अकरा वाजून गेल्यावर पुन्हा वाजला तेव्हा मी तोंड वाकडं करूनच उचलला. तो वॉर्ड चारमधून होता. मी ऐकलं, खाली ठेवला, आणि मला एवढंच म्हणता आलं, "काका, वर चला." त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अजून चार कुठे वाजलेत?" म्हणाले. मग त्यांनी माझं तोंड बघितलं.

काकू गेल्यावर सहाव्या दिवशी ते कामावर आले. मुलगा दोन आठवडे राहिला, इकडे चला म्हणून मागे लागला, हे म्हणाले निवृत्त झाल्यावर बघू. पुढे मी एकदाच त्यांच्या घरी गेले. मशीनवर काकूंचा शेवटचा पडदा होता, एक बाजू शिवलेली, दुसरीला टाचण्या. तो त्यांनी तसाच, टाचण्यांसकट, खिडकीला लावला होता. सगळं स्वच्छ, जागच्या जागी, आणि कोणी राहत नसावं इतकं शांत. मी वीस मिनिटं बसले आणि निघाले. काकूंना मी थोरल्या बहिणीसारखं मानत होते, तरी त्या घरात परत जायला माझा पाय उचलला नाही.

दुपारचं जेवण ते टेबलावरच करू लागले. आधी आम्ही सगळे कँटीनमध्ये बसायचो. मी पाच-सहा दिवस म्हटलं, "चला काका," मग म्हणणं सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं होतं. दुःखातल्या माणसासमोर बसून घास गिळायचं माझ्या जिवावर यायचं. ते संगणकाकडे तोंड करून जेवत. मला वाटे, जॉब बघत असतील.

अशी दोन वर्षं आणि वर काही महिने गेले. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एका गुरुवारी मी पावणेआठला पोचले, तर टेलिफोनवरची बाई जिन्यातच उभी. "काय पाठवलंय तुम्ही लोकांना? माझ्या चारही लायनी ओरडतायत." मी तिच्याकडे जाऊन एक फोन घेतला. एक माणूस तावातावाने म्हणाला, "माझी आई इथे माझ्यासमोर बसून चहा पितेय. तिला भेटायला चार वाजता तिकडे कशाला येऊ?" दुसरीने सांगितलं, तिचं बाळ आता पळायला लागलंय, आणि तुम्ही त्याला काचेच्या पेटीत भेटायला बोलावताय. आम्ही दोघी हसलोसुद्धा. तिसरा फोन एका माणसाचा होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "बाबा कुठल्या खाटेवर आहेत म्हणालात?" मी काही बोलायच्या आत त्यानेच ठेवून दिला. मग आमचं हसू गेलं.

दोनशे बारा मेसेज गेले होते. जे आज दाखल होते त्यांच्यापैकी एकाच्याही घरी नाही. सगळे दोन वर्षांपूर्वीच्या एका दिवशी दाखल असलेल्यांच्या घरी. मी वर येऊन भेटीच्या मेसेजचा जॉब उघडला. रकाना भरलेला होता. ती तारीख मला शोधावी लागली नाही. त्या दिवशी अकरा वाजता फोन मीच उचलला होता.

शेजारी नोंद होती: काल दुपारी एक पंचवीस, काकांचं लॉगिन. मी आधी तारीख पुसली, आजचा जॉब चालवला, आणि त्या दोनशे बारा नंबरांवर दुसरा मेसेज पाठवला, की सकाळचा मेसेज चुकून गेला आहे, कृपया येऊ नये, क्षमस्व. हे होईपर्यंत पावणेनऊ वाजले.

मग आणखी कुठे काही राहिलंय का बघायला मी टेस्टच्या नोंदी उघडल्या. टेस्ट म्हणजे त्याच जॉबची एक प्रत. ती यादी फक्त स्क्रीनवर दाखवते, मेसेज कोणाला पाठवत नाही. शिकाऊ माणसाने काही गोंधळ घातला तरी बाहेर जात नाही, म्हणून ठेवलेली. त्यात कामाच्या प्रत्येक दिवशी, दुपारी एक वीसच्या आसपास, काकांचं लॉगिन होतं. दोन वर्षं. रोज एक तारीख. काकू दाखल झाल्या तो पहिला दिवस, मग दुसरा, मग तिसरा, असं अठरापर्यंत, आणि पुन्हा पहिला. प्रत्येक वेळी सगळी यादी न मागता एकच खाट मागितलेली. वॉर्ड चार, खाट अकरा, काकूंचं नाव, नातेवाईक म्हणून यांचं नाव, भेट चार ते सहा. एवढी एक ओळ. एकोणिसावा दिवस कुठेच नव्हता. आणि काल दुपारी बारापासून टेस्ट दुरुस्तीसाठी बंद होती.

मी तिथेच बसून राहिले. हाताच्या अंतरावर बसणारा माणूस रोज जेवताना बायकोला भेटत होता, आणि मी खाली कँटीनमध्ये भाजी खारट झाली म्हणून कुरकुरत होते. मला माझी लाज वाटली. त्यांचा रागही आला. एकदा म्हणाले असते तर मी काय हसले असते का?

काका नऊच्या ठोक्याला आले. पिशवी कपाटात ठेवली, खुर्चीत बसले.

"काका, मेसेज तुम्हालाही आला असेल."

"आला. सहाला."

"मग मला फोन का नाही केलात? तीन तास लोकांचे फोन येतायत."

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "वाजला तसा वाचला आणि उठलो," ते म्हणाले. "दाढी केली. चारसाठी बरा शर्ट काढून ठेवला. बराच वेळ लक्षातच आलं नाही गं."

त्यांनीच पुढे सांगितलं. टेस्ट बंद होती. म्हणाले, चालू जॉबमध्येच तारीख भरावी, 'फक्त यादी दाखव' दाबावं, बघावं आणि पुसावं, अर्ध्या मिनिटाचं काम. भरली, बघितली. तेवढ्यात स्वयंपाकघराचा फोन आला, पथ्याच्या यादीत दोन खाटा उलटसुलट झाल्यात म्हणून. तसेच उठून खाली गेले. परत आले तोवर स्क्रीन आपोआप बंद झाली होती, आणि रकाना डोक्यातून गेला होता. ज्या माणसाने हा नियम केला आणि माझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला, तोच विसरला होता.

दहाला विभागप्रमुख बाई आल्या. त्या आरडाओरडा करत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाल्या, संध्याकाळी जाण्याआधी लेखी अहवाल पाहिजे. हाताने झालेली चूक असेल, तर ज्याच्या हातून झाली त्याचा संगणकातला प्रवेश आजच्या आज बंद करायचा, मग तो कोणी का असेना. शेड्यूलमधला दोष असेल, तर ज्यांनी ते बसवलं त्यांना बोलवायचं. एवढं सांगून त्या गेल्या. नोंदी वाचता येणारी माणसं रुग्णालयात दोनच होती, आणि आम्ही दोघंही त्या खोलीत बसलो होतो.

मी दार लोटून घेतलं. "काका, मी लिहिते की शेड्यूलने जुनी तारीख धरून ठेवली. कोणी विचारणार नाही. चार महिने राहिलेत तुमचे."

प्रवेश बंद म्हणजे टेस्टही बंद. चार महिने त्यांना खाली कागदपत्रांच्या गोदामात बसवलं असतं, आणि ती एक ओळ पुन्हा कधी उघडता आली नसती. रुग्णांच्या नोंदी छापून घरी न्यायची परवानगी नसते. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि ते काका होते, म्हणजे त्यांनी ती चोरून नेलीही नसती.

"संध्याकाळी बोलू," ते म्हणाले, आणि कालच्या अडकलेल्या कामांची यादी पुढे ओढली. दुपारी जेवले नाहीत. मी माझा डबा उघडून त्यांच्या टेबलाशी बसले, तर म्हणाले, "तू जा कँटीनला, तुझ्या मैत्रिणी थांबल्या असतील." मी हट्टाने बसून राहिले.

चारला पाच मिनिटं असताना फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. दुसरा मेसेज जाऊनही पाच माणसं आली होती. काका उठले. मी त्यांच्या मागे गेले.

चौघांनी दुसरा मेसेज बघितलाच नव्हता. काकांनी एकेकासमोर उभं राहून सांगितलं, चूक आमची आहे, माफ करा. एक बाई अर्धी रजा टाकून आली होती. तिने त्यांची चांगली खरडपट्टी काढली. त्यांनी मान खाली घालून सगळी ऐकून घेतली, आणि ती थांबल्यावर पुन्हा माफ करा म्हणाले. मला मधे पडावंसं वाटत होतं, पण त्यांनी हाताने मला मागेच थांबवलं.

पाचवे एक म्हातारे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मासची पिशवी. बस चालवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली.

"चूक झाली हे कळलं मला," ते म्हणाले. "दुसरा मेसेजही वाचला."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय. तोवर तयार झालो होतो." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आमची वॉर्ड चारला होती. सात नंबर."

"आमची अकरा," काका म्हणाले.

बसवाल्यांनी जिन्याकडे बघितलं. "वर जाऊन जरा बसलो तर चालेल का? कोणाला त्रास देणार नाही."

रुग्ण नसताना वॉर्डात कोणाला सोडत नाहीत. मी काकांकडे बघितलं. आता हे नियम सांगणार, असं मला वाटलं. ते पहारेकऱ्याला म्हणाले, "हे माझ्याबरोबर आहेत."

"आणि तुम्ही कोणाकडे?" पहारेकरी सवयीने बोलून गेला.

काकांनी खिशातून फोन काढला आणि सकाळचा मेसेज त्याच्यापुढे धरला. पहारेकरी जुना होता. त्या अठरा दिवसांत त्याने काकांना रोज रांगेत बघितलं होतं. त्याने मेसेज पूर्ण वाचला, आणि तो बाजूला झाला.

वॉर्ड चारमध्ये सात नंबरवर एक आजी झोपल्या होत्या. अकरा नंबरवर पाय प्लास्टरमध्ये घातलेली एक कॉलेजची मुलगी होती. तिच्याभोवती चार मैत्रिणी, सगळ्या एकदम बोलत होत्या. दोघंही आत गेले नाहीत. दारालगतच्या बाकावर बसले. मी नर्सच्या टेबलाशी कागद चाळल्याचं सोंग करत उभी राहिले.

"तुम्हालाही आला?" बसवाल्यांनी विचारलं.

"आला. मीच पाठवला होता. चुकून."

बसवाल्यांनी त्यांच्याकडे नीट वळून बघितलं. आता हेही रागावणार, असं मला वाटलं.

"म्हणजे उद्या मेसेज नाही येणार?" ते म्हणाले.

"नाही."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी थर्मास उघडला. झाकण एकच होतं. आधी काकांना दिलं, त्यांचं पिऊन झाल्यावर स्वतः घेतलं. मी खाली निघून आले.

सहाची घंटा झाली, पायांचे आवाज जिन्यावरून उतरत गेले, आणि काका खोलीत आले. अहवालाचा कागद मी स्क्रीनवर उघडून ठेवला होता. कारणाचा रकाना तेवढा मोकळा होता.

"लिही," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं."

"काका, कशाला? कोणाला कळणार आहे?"

"दोनशे बारा घरं होती, अगं. त्यातल्या आणखी कोणी सकाळी उठून दाढी केली असेल. मला माझा एक दिवस बघायचा होता, त्यापायी मी त्यांचे दिवस उकरून काढले. आणि वर शेड्यूलवर ढकलू?"

मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी रागाने विचारलं, "पण काल एकोणिसावाच का काढलात? दोन वर्षं तर त्याला हात लावला नव्हतात."

ते खुर्चीत बसले नाहीत. माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले. "भीती वाटायची," ते म्हणाले. "वाटायचं, त्या दिवसाच्या यादीत ती नसेल. खाट रिकामी दिसेल. काल म्हटलं, चार महिन्यांनी हे सगळं हातातून जाणार, एकदा बघून घेऊ."

"मग?"

"होती. अठराव्यासारखीच ओळ. खाट अकरा, भेट चार ते सहा. तेवढी तारीख वेगळी." त्यांनी चष्मा काढला. "यादी सहाला बनते. म्हणजे सहाला ती वर होती. आठलाही होती. दहालाही. आठला मी इथे येऊन बसलो आणि अकरापर्यंत पथ्याची यादी दुरुस्त करत होतो. तीन तास, अगं. दोन जिने वर. आणि मी चार वाजायची वाट बघत होतो."

त्या तीन तासांत मीही तिथेच होते. चला म्हणून त्यांचा हात धरून ओढायला मलाही सुचलं नव्हतं.

मी लिहिलं. चालू जॉबच्या रकान्यात हाताने भरलेली तारीख पुसायची राहिली. कारण म्हणून लिहिलं, दिवंगत पत्नीची नोंद पाहण्यासाठी. ते त्यांनी वाचलं आणि मान हलवली. दिवंगत हा शब्द त्यांनी बदलायला लावला नाही. मग मी लॉगिनची यादी उघडली, त्यांच्या नावापुढची खूण काढली आणि प्रवेश बंद केला. ते माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत होते.

"टेस्टचाही बंद झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"परत एकदा बघ," ते म्हणाले.